मशीनला छोट्या बाटल्या आठवतात

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं.

कळवायचं असं की, तुम्ही साबणाच्या कारखान्यात बसवलेल्या बाटल्या भरायच्या मशीनची मी वाट लावली. त्याच्या कंट्रोलरमध्ये बॅटरी आहे (कुणाला सांगतोय म्हणा), वीज गेली की मशीनची आठवण तीच राखते. तिचा लाल दिवा लागला. बॅटरी वीज चालू असताना बदलायची, हे तुम्ही बजावलं होतं. पण नव्या साहेबांनी सुरक्षेसाठी आधी मेन स्विच पाडायला लावला. बॅटरी काढल्यावरही ती आठवण काही मिनिटं तग धरते. तेवढ्यात काम झालं असतं, पण नव्या बॅटरीचं प्लास्टिकचं पाकीट फुटेना. दात झाले, टेस्टर झाला. कात्री ऑफिसात, ऑफिसला कुलूप, किल्ली साहेबांच्या खिशात, आणि साहेब माझ्याच शेजारी उभे राहून घाई कर म्हणत होते.

वीज आल्यावर मशीन चालू झालं, हेच वाईट झालं. नंतरचं सगळं पुसलं गेल्यामुळे त्यानं तुम्ही अगदी सुरुवातीला चिपमध्ये ठेवलेली सेटिंगची प्रत उचलली. ती छोट्या बाटल्यांची, आणि पट्ट्यावर मोठ्या. झाकण लावणारा दांडा छोट्या बाटलीच्या उंचीपर्यंत खाली यायचा आणि एकेकीची मान मोडायचा. फेसावरून साहेब घसरले. (मी हसलो नाही. हल्ली हसू येतच नाही.)

तरी दोन दिवस येऊन मशीन बघून जा. आईशी तुमचं बोलणं नाही, ठाऊक आहे. मागच्या दारानं या. संध्याकाळी ती पुढच्या दारात बसते.

तुमचा भाचा

ता. क. : मशीन परवाच ठीक झालं. कंपनीच्या माणसाच्या लॅपटॉपवर मोठ्या बाटल्यांची प्रत निघाली. त्यासाठी यायची गरज नाही.

ता. क. २ : तरी या. आईची प्रत कुणाकडे नाही. माझं लग्न, घराच्या वाटणीवरून तुमचं दोघांचं भांडण, सगळं पुसलं गेलं. माझ्या बायकोला ती शेजारीण समजते. रोज दारात खुर्ची टाकून विचारते, "माझा धाकटा भाऊ अजून कामावरून कसा आला नाही?" मला बघवत नाही, मामा. पुढच्या दारानं या. माफीबिफी मागू नका, कशाबद्दल ते तिला कळणार नाही. उशीर झाला, एवढंच म्हणा.