दुसरा भाग अवघड का आला

प्रिय ठकू,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकली असशील. घरी सगळं ठणठणीत आहे. दुकानात डोळे तपासायची खुर्ची नवीन घेतली. आई म्हणते, गिऱ्हाइकांपेक्षा तुम्हीच तिच्यात जास्त बसता.

मागच्या महिन्यात त्या खुर्चीत एक शिकवणीवाली बसली होती. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून तिचं डोकं दुखतं. काय शिकवता विचारलं, तर नेमकी तुझीच परीक्षा निघाली, पदवीनंतर पुढे शिकायला प्रवेश मिळवायची. मी म्हटलं, माझ्या मुलीने दिली होती, जमली नाही. कशावरून, असं तिने विचारलं. गणिताचा दुसरा भाग फार अवघड आला होता, असं मी सांगितलं, तर बाई हसायलाच लागली. मला राग आला. मग तिने समजावलं की, पहिला भाग सगळ्यांना सारखाच मध्यम असतो. तो जसा सोडवाल, त्यावरून कॉम्प्युटर दुसरा ठरवतो. चांगला सोडवलात तर अवघड, नाहीतर सोपा.

माझी खात्री पटेना. माळ्यावरून तुझं जाडजूड पुस्तक काढलं, तीन आठवडे डोकं खाजवलं आणि कॉम्प्युटरवर सरावाची परीक्षा चक्क देऊन पाहिली. आई घड्याळ घेऊन शेजारी, पाणी प्यायलाही उठू देईना. पहिल्या भागात मी गटांगळ्या खाल्ल्या, दुसरा मात्र भराभर सुटला. शिकवणीवाली चष्म्याची दांडी घट्ट करायला आली तेव्हा तिला ऐटीत सांगितलं. ती म्हणाली, काका, सोपा आला म्हणजे तुमचा पहिला गेला!

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. अगं, तीस वर्षं मी दुसरं काय करतोय? वरची ओळ नीट वाचली की खालची बारीक ओळ दाखवतो. चांगल्या नजरेची माणसंसुद्धा शेवटी अडखळतात आणि घाबरून विचारतात, नंबर वाढला का? त्यांना मी धीर देतो. तुला नाही दिला.

दोन वर्षांपूर्वी परीक्षा देऊन आलीस आणि जिन्यातच बसलीस. पर्स अजून खांद्यालाच होती. म्हणालीस, शेवटी गुण ठेवायचे की रद्द करायचे असं विचारलं, मी रद्द केले, बघायचा धीरच झाला नाही. मी पायरीवर उभा राहून म्हणालो, "झेपत नव्हतं तर आधीच सांगायचं होतंस." दुसऱ्या दिवशी पुस्तकं माळ्यावर गेली आणि पंधरा दिवसांत तू पाण्याचे नमुने तपासायच्या नोकरीवर निघून गेलीस. मी मनात म्हटलं, बरं झालं, मार्गी लागली. त्या दिवशीचे तुझे गुण कदाचित उत्तम असतील. आता ते कुणालाच कळणार नाहीत.

काल आईच्या तोंडून निसटलं की येत्या मंगळवारनंतरच्या मंगळवारी तू पुन्हा परीक्षेला बसते आहेस, आणि मला कळू द्यायचं नाही अशी तिला शपथ घातली आहेस. तिच्यावर रागावू नकोस, दिवसभर बिचारी माझी नजर चुकवत होती. का लपवलंस ते मला कळतं. जिन्यात माझं चुकलं, ठकू. तेव्हाच म्हणायला हवं होतं, दोन वर्षं लागली. म्हणून हे पत्र घाईने टाकतो आहे, तुला वेळेत मिळावं म्हणून. दुसरा भाग अंगावर आला तर समज, पहिला झकास गेलाय. घाबरून काही रद्द करू नकोस. निकाल मला सांगितलाच पाहिजेस असंही नाही. पण सुट्टी मिळाली की ये. एकशे चाळिसाव्या पानावरचं एक गणित मला काही केल्या सुटत नाहीये, तेवढं मला शिकव.

तुझाच,
उशिरा अभ्यासाला लागलेला
बाबा