विंचरलेला भाचा

तीर्थरूप मामांना,

तुमच्या सर्वांत सरळ भाच्याचा कमरेत वाकून नमस्कार. (सरळ कसा, ते पुढे कळेल. आत्ताच हसू नका.) तुमचा उजवा खांदा कसा आहे? दुकानात वरच्या फळीवरचा रंगाचा डबा मागितला की अजून गिऱ्हाईकालाच शिडीवर चढवता का? बाबांचा फोन आला होता. म्हणाले, "तुझ्या मामाचा आळस काढतो. एक तारखेपासून गोदामात डबे उचलायला घालतो." मागून आईचा आवाज, "लहानपणापासूनचा कामचुकार!" (तुमचीच सख्खी बहीण.) म्हणून हे पत्र शेवटपर्यंत वाचा. शेवटी एक मागणी आहे. पैशाची नाही, घाबरू नका.

तर विज्ञानाच्या बाईंनी ज्याला वर्गात कमी आणि दाराबाहेर जास्त ठेवलं, तो तुमचा भाचा आता डीएनएच्या प्रयोगशाळेत काचा सांभाळतो. (बाई भेटल्या तर सांगा. मोठ्याने सांगा.) डीएनए म्हणजे आपल्या आत गुंडाळून ठेवलेला लांबच लांब दोरा. बाकीकडे ढीगभर दोरे एकत्र तपासतात, आमच्याकडे एकेक रेणू सुटा बघतात. रक्तातून तो अलगद काढायचा, पाण्यात सोडायचा, त्यात काच उभी बुडवायची आणि मशीनने इतकी हळू वर ओढायची की बघणाऱ्याला जांभई यावी. दोऱ्याचं टोक काचेला चिकटतं, पाणी खाली सरकतं, गुंता सुटतो आणि दोरा सरळ होतो. याला विंचरणं म्हणतात. (खरंच म्हणतात, मी पदरचं घातलेलं नाही.) मग ठरावीक जागी चमकणारे रंग लावून सूक्ष्मदर्शकातून बघायचं. अंधारात लाल-हिरव्या ठिपक्यांच्या रांगा! आपल्या दुकानात इतके रंग असून असा एक नाही.

आल्या आल्याच मी पराक्रम केला. आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमनी डीएनएची नळी हातात दिली आणि मी ती खळाखळा हलवली. आता सांगा, आपण रंगाचा डबा न हलवता दिला तर बाबा आपल्याला हलवतात! हात आपोआपच चालला. मॅडमनी काच बघितली आणि म्हणाल्या, "अरे, दोरा होता हा. भुसा केलास तू त्याचा." मी म्हटलं, "मॅडम, निदान गुंता तरी होणार नाही." त्या हसल्या नाहीत. तेव्हापासून मी नळी अशी धरतो, जशी मी आसपास असताना आई काचेची बरणी धरते.

(मध्येच एक गंमत. फ्रिजमधली माझी बिस्किटं कोणीतरी खायचं. मी उठवून दिलं की नवं मशीन पुड्यावरच्या उष्ट्या हातावरून माणूस ओळखतं. दुसऱ्या दिवशी नवाकोरा पुडा हजर! कोणी ठेवला माहीत नाही, पण मोठे सर मला बघून जिना बदलतात.)

आता खरी शान. एका आजाराची तपासणी बसवायची होती. आजाऱ्याच्या रेणूशी ताडून बघायला ठणठणीत माणसाचं रक्त हवं होतं. मी बाही वर करून पुढे! मॅडमनी विचारलं, काही निघालं तर तुला कळवायचं का? मी म्हटलं, "कळवा की, फ्रेम करून लावतो." काच मीच ओढली. मामा, काय रेणू आले! आखून काढल्यासारखे. सगळे उठून बघायला आले. ज्याला घरात कुत्र्याचं शेपूट म्हणतात, त्याच्या आतलं सगळं सरळ! आईला हे वाक्य असंच्या असं वाचून दाखवा.

तुमचा लाडका (दुसरा नाहीच, म्हणून)
भाचा

ता. क. : माझा दोरा सरळ आहे, पण एका जागी आखूड आहे. तिथे एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. तो फारच कमी वेळा आला तर चेहऱ्याचे आणि खांद्याचे स्नायू हळूहळू दमत जातात. ठणठणीत माणूस म्हणून गेलो आणि माझ्यातच तो कमी निघाला. मॅडमनी दार लावलं, खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "शीळ घाल बघू." नुसती फुस्स. मला शीळ कधीच आली नाही, पण ते मी तब्येतीत धरलंच नव्हतं. मग म्हणाल्या, "हे घराण्यातून येतं. घरात आणखी कोणाला शीळ येत नाही?" मामा, तुम्हीच आठवलात. शीळ नाही, स्ट्रॉने सरबत ओढता येत नाही, झोपेत डोळे अर्धे उघडे (त्यापायी माझ्या किती खोड्या फुकट गेल्या!) आणि तो खांदा. मला सध्या काही त्रास नाही, काहींना फारसा होतही नाही म्हणे. तेव्हा रडू नका.

आणखी एक ता. क. : मागणी. एक तारखेच्या आत इकडे या आणि रक्त द्या. ताजं लागतं, म्हणून पाठवून देऊ नका, त्याच्यासकट या. औषध अजून नाही, खोटं कशाला सांगू? पण डॉक्टर लिहून देतील की हा आळस नाही आणि या खांद्याने ओझं उचलायचं नाही. तो कागद मी बाबांच्या गल्ल्यामागे चिकटवणार. तोवर गोदामात पाऊल टाकायचं नाही. म्हणावं, भाच्याची परवानगी नाही. काच मी ओढीन. नळी हलवणार नाही.

शेवटचा ता. क. : आईलाही घेऊन या. वाटेत कामचुकार म्हणाली तर भांडू नका. निघायच्या दिवशी सकाळी ती केस विंचरताना तेवढं बघा. हात वर जात नाही तिचा. मान खाली घालून डोकंच कंगव्यापर्यंत आणते. आपण सगळे समजायचो, तिची ती लकब आहे.