डबा विसरून येणाऱ्या आईंना

अहो आई,

तुमचा कडीचा डबा आज परत आला. तुमच्या डब्यांवरून मी तुमच्याशी किती भांडले असेन! म्हणून म्हटलं, ही बातमी आधी तुम्हालाच कळवावी.

आठवतंय ना? तुमच्या शाळेत कुणी कुणाला मारलं, कुणाला धमकी दिली, की संध्याकाळी तुम्ही डबाभर चिवडा घेऊन त्या दांडगोबाच्या घरी निघायचात आणि डबा हटकून तिथेच विसरायचात. बाबा म्हणायचे, "अर्ध्या भोपाळात आपली भांडी नांदताहेत." शिवाजीनगरच्या क्वार्टरमध्ये मी नवी नवरी म्हणून आले, तेव्हा मला वाटलं, सासूबाई विसरभोळ्या आहेत! मग एकदा तुम्हीच हळूच सांगितलंत, "अगं, शाळेतून बोलावणं धाडलं की आईबाप आरोपी होऊन येतात. डबा परत करायला येतात ते पाहुण्यासारखे. आणि रिकामा डबा कोण परत करतं?"

आता उपमुख्याध्यापकाची खुर्ची माझ्याकडे आहे. मागच्या आठवड्यात नववीतल्या रिद्धीने वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महकला लिहिलं, "कल आ तू, परकार से मुँह फाड़ दूँगी." परकार म्हणजे आपलं कर्कटक. ते तर प्रत्येकाच्या कंपासपेटीत! सकाळी शाळा भरायच्या आत महकचे आईवडील दारात, आणि व्यवस्थापनाचा फोन : आजच रिद्धीच्या हातात टीसी, शाळा सोडल्याचा दाखला, द्या.

खरं सांगू? माझाही हात टीसीकडे गेला होता. घाबरले होते मी. खरंच काही झालं असतं तर?

मग तुमचं बोलणं आठवलं. आधी जिला धमकी मिळाली तिच्याजवळ बसायचं. सगळे रिद्धीला घेरून उभे होते आणि महक एकटी कोपऱ्यात नखं खात होती. तिला विचारलं, तुला काय हवंय? "मैडम, बस वो मेरे पास न बैठे. और छुट्टी में कोई गेट तक साथ चले." एवढंच! ते त्याच दिवसापासून केलं. रिद्धीला काही दिवस घरी ठेवलं, समुपदेशक बाईंशी तिची गाठ घालून दिली आणि टीसी थांबवली. महकची आई कडाडली, "आपको तो उसी की पड़ी है! मेरी बेटी का क्या?" तिचं काय चुकलं हो? अशा आईला तुम्ही काय उत्तर द्यायचात, ते विचारायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी तुमच्या कडीच्या डब्यात चिवडा भरून करोंदला, रिद्धीच्या घरी गेले. एका खोलीचं घर. रिद्धीची आई मंडीत सांडलेलं धान्य झाडून गोळा करते. तिचा झाडू मारतानाचा फोटो महकने ग्रुपवर टाकला होता आणि त्याखाली सगळा वर्ग खिदळला होता. हे आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं! भिंतीकडे तोंड करून रिद्धी म्हणाली, "सब मम्मी पर हँसे थे." मी म्हटलं, "तेरा गुस्सा सही था बेटा, धमकी सही नहीं थी." आणि निघाले, डबा विसरून. आई, मुद्दाम विसरणं किती अवघड असतं! मागून हाका येत होत्या, "मैडम, डिब्बा! डिब्बा रह गया!" मी आपली बहिऱ्यासारखी चालत राहिले.

महकलाही सोडलं नाही. तिने तो फोटो तिच्या आईसमोर बसून पुसला.

आज रिद्धीची आई इस्त्रीची साडी नेसून आली. डब्यात गुडधानी होती, निवडून, धुऊन भाजलेल्या गव्हांची, गूळ घातलेली. "मंडी का ही गेहूँ है मैडम. बीन-धोकर बनाई है," म्हणाली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी तिच्यासमोर मूठभर खाल्ली. मग पुन्हा हात घातला, कारण चांगलीच झाली होती! तेव्हा कुठे ती खुर्चीत टेकून बसली. रिद्धी आजपासून वर्गात आहे. महक तिच्याशी बोलत नाही. नसेना का! पण आज गेटपर्यंत सोबतीला गेले, तर वाटेत म्हणाली, "कल से मैं चली जाऊँगी, मैडम."

आई, घर पाहिल्याशिवाय मी कुणाची टीसी लिहिणार नाही, आणि घाबरलेल्या लेकराला आधी जवळ घेईन. शब्द देते.

डबा घासून पालथा घातलाय. फार दिवस घरात राहायचा नाही तो.

तुमची विसरभोळी सून,
माधुरी