मातीच्या घराची दोन दारे

मी, अल्मीडा रूथ थॉर्न, वय वर्षे शहात्तर, टेलिफोन एक्स्चेंजची निवृत्त ऑपरेटर, राहणार वॉर्ड्स क्रॉसिंग, नेब्रास्का, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहिते. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायद्याला ते लागत नाहीत. यापूर्वीची माझी तीन मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात लिहिली होती.

कलम १. राहते घर भाची कोरिन हिला. पिवळा रंग देऊ नकोस असे लिहिणार होते, पण मेल्यावर मला काय दिसणार? दे बाई, काय हवा तो दे.

कलम २. शिवणाचे मशीन व सर्व गोधड्या कोरिनलाच. मात्र चर्चच्या महिला मंडळाला त्यातली एकही मिळू नये. १९५८च्या जत्रेत त्यांनी माझ्या ॲपल पायला तिसरा नंबर दिला. स्पर्धेत आम्ही तिघीच होतो.

कलम ३. माझी तेरा खोकी कागदपत्रे गावच्या वाचनालयाला. त्यात काय आहे ते इथेच सांगते, कारण खोकी कोणी उघडत नाही.

माझे पणजोबा असाहेल रस्क १८७३ साली ओहायोहून बैलगाडीने इथे आले. पहिली बायको वारली होती, सोबत पाच वर्षांचा मुलगा इलायहू. माझी पणजी थर्झा पूल पुढच्या वर्षी आली, एकटी. माझी आजी लोविना १८७६ची आणि थर्झा-असाहेलचे लग्न १८७९चे. त्या तीन वर्षांनी आमच्या तीन पिढ्यांना मान खाली घालायला लावली. इलायहूने मोठेपणी गावभर सांगितले, की थर्झा ही मोलकरीण, पोरगी कुठून तरी आणलेली. असाहेलनंतर थर्झा गेली, तर तिला रस्कांच्या दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरले. दर ऑगस्टात रस्क कुटुंबाचा मेळावा भरतो, माझ्या आईला त्याचे कधी बोलावणे आले नाही. इलायहूचा नातू वेंडेल मला तोंडावर म्हणाला होता, "अल्मीडा, बटाट्याचं सॅलड घेऊन ये हवं तर, पण फोटोत उभी राहू नकोस."

एकतीस वर्षे मी चर्च आणि कचेऱ्यांना पत्रे लिहिली. लग्नाची वही, जन्माची वही, मृत्यूची वही, सगळ्या पालथ्या घातल्या. आणि आतून धास्ती, की वेंडेलच खरा निघाला तर? हे आजवर कोणाला सांगितले नाही. माझी चूक अशी, की मी माणसे शोधत बसले आणि जमिनीचे कागद पाहिलेच नाहीत. थर्झाचे कुरण, जे वारशाने माझ्याकडे आले, ते तिला नवऱ्याकडून मिळाले असेच मी धरून चालले होते.

गेल्या मार्चात वॉशिंग्टनहून त्या कुरणाची फाइल आली. जमीन थर्झाने स्वतः सरकारकडून मिळवली होती! अर्ज बाईला करता येई, पण बिनलग्नाची असेल तर. आणि पाच वर्षे आपल्याच जमिनीवर राहून दाखवावे लागे. म्हणून या दोघांनी मातीच्या ढेकळांचे एकच घर दोन जमिनींच्या हद्दीवर बांधले. दारे दोन. त्याची खाट पश्चिमेला, त्याच्या जमिनीत. तिची पूर्वेला, तिच्या. हद्द जेवणाच्या टेबलाखालून गेली होती.

पाच वर्षे भरल्यावर तिच्या बाजूने साक्षीला असाहेलच उभा राहिला. कारकुनाने विचारले, बाईच्या घरात आणखी कोण? त्याचे शपथेवरचे उत्तर असे: "एक मुलगी, लोविना. बाप मी. कागद मिळाला की आम्ही लग्न करणार. नाही मिळाला तरी करणार."

अकराव्या दिवशी लग्न झाले. मी हे वाचले, खुर्चीत बसले आणि ढसाढसा रडले. मग हसू आले. सुटले बाई एकदाची! त्या रात्री मी कित्येक वर्षांनी गाढ झोपले.

कलम ४. थर्झाचे कुरण वेंडेल रस्क याला. चाळीस वर्षे त्याचा त्यावर डोळा आहे. आधीच्या तिन्ही मृत्युपत्रांत "वेंडेल सोडून कोणालाही" असे होते, पण आता माझ्यात राग उरलेला नाही.

कलम ५. कलम ४ रद्द. कारण असे, की फाइल मी वेंडेलला वाचायला दिली. काल तो ती परत घेऊन आला, टोपी हातात.

"तुझ्या कागदावर साक्षीदार कोण गं?"

"पोस्टातली बर्निस. दुसरा मिळाला नाही अजून."

"मी करतो सही."

"अरे मूर्खा, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. कुरण जाईल हातचं."

"जाऊ दे. आजोबा खोटं बोलले, आणि मी ते आयुष्यभर बोलत राहिलो. आज सकाळी दफनभूमीच्या कुंपणाचे खांब उपटलेत. कंबर पार कामातून गेली माझी."

मी त्याला कॉफी करून दिली.

सबब कुरणही कोरिनलाच. तिने फाटक मात्र लावू नये. साक्षीदार वेंडेल आहे, त्याच्या गाई नाहीत; त्यांनी खुशाल चरावे.

कलम ६. मला थर्झाच्या शेजारी पुरावे.

वरील मजकूर मी वाचून, समजून, मन हलके करून सही केली.

वॉर्ड्स क्रॉसिंग, १२ ऑक्टोबर १९९१

अल्मीडा रूथ थॉर्न

साक्षीदार, आमच्यादेखत सही झाली:

१. बर्निस हॉलक्विस्ट, पोस्टमास्तर. नाते: काही नाही.

२. वेंडेल इलायहू रस्क, शेतकरी. नाते: बहीण लागते. आमचे पणजोबा एक.