नीट बोल, माय

लातूर
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

प्रिय पंचशीला आक्का,
तुझ्या धाकट्या भावाचा, धम्मदीपचा सप्रेम जय भीम.

हाताने लिहिलेलं पाकीट बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगतो, माय बरी आहे. वॉकर धरून बाल्कनीपर्यंत जाते आणि खुर्चीवर बसून खालच्या भाजीच्या गाड्याकडं बघत राहते. खुब्याचं हाड चांगलं जुळून आलंय असं डॉक्टर म्हणाले. मनिषाच्या हातची आमटी तिला अळणी लागत असणार, पण बोलत नाही. तुझ्याकडं सगळे खुशाल ना? भाऊजींची शुगर कशी आहे?

पत्र कशाला, फोन करायचा की, असं तू म्हणशील. आमच्या फ्लॅटच्या भिंती पातळ आहेत. कुठल्याही खोलीत बोललो तरी मायला ऐकू जातं, आणि हे तिच्या कानावर गेलं तर ती मला मधेच थांबवेल. म्हणून व्हॉट्सॲपवर लिहायला घेतलं होतं. 'आक्का, मला' एवढं लिहिलं की फोन पुढचा शब्द आपणहून सुचवतो. 'वाटते', 'माहीत', 'आवडते'. मला हवा होता तो शब्द त्यात नव्हता. शेवटी कॉलेजच्या लॅबमधले कोरे कागद आणले आणि बसलो. अक्षर समजून घे, सहीपलीकडं हाताने काही लिहून फार वर्षं झाली.

तू विचारलंस की सासूबाईंसाठी मायकडं होता तसाच बोलणारा स्पीकर घ्यायचाय, तर नेमका कुठला घेऊ.

आता मी म्हणजे अशा प्रश्नांचा घरचा वैद्य. पाहुण्यांत कुणालाही फोन घ्यायचा असला की आधी धम्मदीपला विचारा. लातूरला सायबर कॅफे निघाले तेव्हा मालकाआधी मी दारात उभा असायचो. बाजारात नवं काही आलं आणि मी ते घेऊन घरात भांडण केलं नाही, असं सहसा झालं नाही. तू मला कंपनीचा जावई म्हणायचीस. मनिषा अजून म्हणते की लग्नात मी तिच्याकडं कमी आणि व्हिडिओवाल्याच्या कॅमेऱ्याकडं जास्त बघत होतो. ते खोटं नाही.

तर इतक्या वर्षांचं माझं मत ऐक. तुला मायचा तो बटणांचा फोन आठवतो? बाबा गेल्यावर मी घेऊन दिलेला. एक मिस कॉल म्हणजे जेवले, बरी आहे. दोन म्हणजे तू फोन कर. एकामागं एक येतच राहिले तर निघून ये. ही रीत कुठल्या कंपनीनं काढली नव्हती, मायनं काढली होती. तेव्हा यंत्र आडमुठं होतं आणि आपण त्याला आपल्या सोयीनं वळवून घेत होतो. आताचं यंत्र शहाणं आहे म्हणतात, आणि त्याच्या सोयीनं आपण वळतोय. आमच्या सोसायटीत दारोदार कॅमेऱ्याच्या बेल आहेत. त्यामुळं आतून 'कोण हाय?' असं कुणी विचारत नाही, आणि बाहेरचा माणूस त्या काचेसमोर केस नीट करून उभा राहतो. मीही राहतो.

हे बघ, मी पुन्हा मतंच सांगत बसलो. मुद्दा टाळायची माझी ही खोड तुला माहीत आहे.

गेल्या वर्षी वैशाख पौर्णिमेला उमरीत, मायच्या घरी, आपलं भांडण झालं. तू म्हणालीस, "माय एकटी राहून राहिली, लई झालं आता. एक तर तू लातूरला ने, न्हाईतर मी देगलूरला नेते." मी म्हणालो, जग कुठं गेलं आणि तू कुठं आहेस, आणि पिशवीतून स्पीकरचं खोकं काढलं. तू म्हणालीस, "ही डब्बी मायला पाणी देती का रं?" आणि न जेवता गाडीला निघून गेलीस.

मायला मी लातूरला का आणत नव्हतो, ते आज लिहितो. जागेची अडचण नव्हती. मनिषाची ना नव्हती. पण मागं माय आली होती तेव्हा जिन्यात मोठ्यानं म्हणाली, "दीपू, तुमच्यात लाईट जात न्हाई का रं? लई बेस हाय." शेजारच्या प्राध्यापक मॅडम हसल्या. चांगल्या मनानं हसल्या, मायलाही ते आवडलं. मला मात्र लातूरच्या शाळेतला पहिला दिवस आठवला. 'न्हाई सर' म्हणालो म्हणून सगळा वर्ग हसला होता तो. त्या दिवसापासून मी 'नाही' म्हणायला शिकलो, आणि माय 'न्हाई' म्हणाली की मला लाज वाटायला लागली. स्वतःच्या मायची. हे मी मनिषालाही कधी सांगितलेलं नाही.

त्या डब्बीला मराठी येतं असं खोक्यावर लिहिलं होतं. येत होतं, पण आपल्या मायचं येत नव्हतं. माय म्हणायची, "ए बाई, दीपूला फोन लाव की गं." डब्बी म्हणायची, "माफ करा, मला समजलं नाही." माय पुन्हा सांगायची, जरा मोठ्यानं. पुन्हा माफ करा. मायला तिचीच दया यायची. मला म्हणाली, "नको तरास देऊ तिला. नवीन हाय, शिकंल." मी म्हणालो, "ती शिकणार नाही माय, तुलाच शिकावं लागेल. नीट बोल."

उमरीला गेलो की मी तिला समोर बसवायचो आणि घोकून घ्यायचो. 'लाव' नाही, 'लावा'. 'मला मदत हवी आहे. कृपया माझ्या मुलाला फोन लावा.' ओरडायचं नाही. सावकाश बोलायचं, शांत आवाजात. माय बिचारी हौसेनं शिकली. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात पाटी घेऊन जायची ना, तशीच. अंगण झाडताना, भांडी घासताना तीच वाक्यं म्हणत राहायची. शेजारची उज्वला भिंतीपलीकडून चिडवायची, "मावशी, बातम्या द्यायला जायचं का आज?" आणि एके दिवशी डब्बीनं खरंच मला फोन लावला. मी वर्गात होतो, पोरांना स्पीकरवर टाकून ऐकवलं. त्यानंतर उमरीला गेलो तेव्हा तिच्या कमरेच्या पिशवीतला बटणांचा फोन मी काढून घेतला. हे खटारं आता कशाला, म्हणालो. ती जरा वेळ रिकामी पिशवी चाचपत राहिली होती.

जूनमध्ये ती न्हाणीत घसरून पडली, एवढं तुला माहीत आहे. पुढचं मी तुला सांगितलं ते खोटं होतं.

डब्बीनं मला फोन लावला नाही. उमरीत लाईट गेली होती. लाईट गेली की डब्बी बंद पडते, हे मी मायला सांगितलंच नव्हतं. मला ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. माय ओल्या फरशीवर पडून त्या बंद यंत्राला सांगत राहिली, "मला मदत हवी आहे. कृपया माझ्या मुलाला फोन लावा." मी शिकवलं होतं तसं, सावकाश, शांत आवाजात.

भिंतीपलीकडं उज्वला ज्वारी निवडत बसली होती. तिनं सगळं ऐकलं. नांदेडच्या दवाखान्यात, तू यायच्या आधी, ती डोळ्याला पदर लावून मला म्हणाली, "भाऊ, मला वाटलं मावशी पाठ करून राहिल्या. रोजचंच हाय म्हणून मी ध्यान दिलं न्हाई. एक डाव 'अगं उज्वले' म्हणल्या असत्या, तर मी भिंतीवरून आले असते." दुपारी ती कढी द्यायला गेली तेव्हा तिला माय दिसली. तोवर मायचा आवाज बसला होता. उज्वलानं तुला यातलं काही सांगितलं नाही, कारण तिला स्वतःचीच लाज वाटत होती. तिची यात काही चूक नाही, तू तिला भेटलीस तर तेवढं सांग.

मी मायला विचारलं, उज्वलाला हाक का मारली नाहीस? ती माझ्याकडं बघून म्हणाली, "तूच म्हणला होतास न्हवं, वरडायचं न्हाई. वरडलं की तिला समजत न्हाई."

आक्का, हे वाक्य मी जेवताना ऐकतो, वर्गात शिकवताना ऐकतो.

मग तू आलीस. दारातच विचारलंस, "तुझ्या डब्बीनं काय केलं मग?" माझ्या तोंडून निघून गेलं की तिनंच फोन लावला, म्हणून तर माय वाचली. मी ठरवून बोललो नव्हतो. पण तू माझा हात धरून रडलीस. "मी उगंच भांडले रं तुला," म्हणालीस. तेव्हा तरी मी बोलायला पाहिजे होतं. मी मान खाली घातली, आणि तुला वाटलं भाऊ किती समजूतदार आहे. तू मायकडं वळून विचारलंस, "हाव का माय?" मायनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "होय. यंत्रानेच फोन लावला."

बाहेर आल्यावर तू मला विचारलंस, माय अशी काय बोलून राहिली, पुस्तकातल्यासारखी? मी म्हणालो, औषधाचा अंमल आहे. तेही खोटं. गुंगीचं औषध त्या वेळी सुरूसुद्धा नव्हतं. आपल्या मायला खोटं बोलताना आपण कधी बघितलं आहे का सांग. त्या दिवशी ती बोलली, माझ्यासाठी बोलली, आणि मी शिकवलेल्या भाषेत बोलली.

नंतर काकाच्या आदर्शनं डब्बीनं मायला वाचवलं असं स्टेटसला टाकलं. पाहुण्यांचे फोन सुरू झाले, कुठला घ्यावा, कुठं मिळतो. नायगावच्या मावशीकडं एक बसलासुद्धा. मी सगळ्यांना नीट माहिती देत राहिलो. मला वाटायचं, होईल हळूहळू जुनं. मग तुझा मेसेज आला, तुझ्या सासूबाईंसाठी, नरसाबाईंसाठी. ती म्हातारी अर्धं तेलुगू आणि अर्धं आपलं बोलते, आणि तुझ्या घरात सगळ्यांना ते कळतं.

आता इथलं सांगतो. माय लातूरला आल्यापासून माझ्याशी तसंच बोलते. 'कृपया पाणी द्या.' 'मला झोपायचे आहे.' मला आधी वाटलं, थट्टा करते. थट्टा नाही. लातूरच्या घरात असंच बोलायचं असतं असं तिनं धरून ठेवलंय. मी म्हणालो, माय, तुझ्यासारखं बोल की. तर म्हणाली, "चुकलं का काही?" त्या मॅडम परवा भेटायला आल्या होत्या. म्हणाल्या, तुमच्या आई किती छान बोलतात. मी उठून आत गेलो.

वर्षावास चालू आहे. माय रोज सकाळी खुर्चीवर बसून वंदना म्हणते. त्रिशरण म्हणते, मग तुझं नाव ज्यावरून ठेवलं ते पंचशील. पहिलं शील म्हणते, दुसरं, तिसरं. मग थांबते, आणि एकदम पाचवं म्हणते. मला वाटलं, वय झालं, विसरत असेल. एका सकाळी ती थांबली तेव्हा मी दारातून पुढचं सुरू करून दिलं, 'मुसावादा'. खोटं बोलणार नाही, हे ते चौथं शील. लहानपणी आपण दोघं अडखळलो की ती आपल्याला असंच द्यायची. तिनं जोडलेले हात तसेच ठेवले. माझ्याकडं न बघता म्हणाली, "ते मला म्हणता न्हाई येत रं आता."

इथं आल्यापासून माझ्याशी ती तिच्या बोलीत तेवढंच बोललीय.

मी म्हणालो, मी आक्काला खरं सांगतो. ती लगेच परत 'शुद्ध' झाली. "नको. तुमची अब्रू जाईल," म्हणाली. मला. तिच्या दीपूला.

म्हणून हे पत्र चोरून लिहिलं. तू स्पीकर घेऊ नकोस. नरसाबाईंच्या हाकेच्या अंतरावर कुणीतरी राहील असं बघ, आणि त्यांना कुणी 'नीट बोला' म्हणालं तर त्याला घराबाहेर काढ, तो मी असलो तरी. बटणांचा फोन मी खणातून काढलाय आणि चार्जिंगला लावलाय. तो मायच्या कमरेला परत जाईल. घरच्या ग्रुपवर आणि नायगावच्या मावशीला मी खरं काय ते सांगणार आहे, फक्त ते तुला आधी कळायला पाहिजे होतं.

तुझ्याकडं एकच मागणं आहे. हे वाचून झालं की मायला फोन कर. मला काय शिव्या द्यायच्या त्या तिच्या कानावर जाऊ देत, आपल्या बोलीत, मोठ्यानं. आणि तिला सांग की आक्काला सगळं कळलंय, आता तुला काही लपवायचं न्हाई. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाराआड उभा राहीन. तिसऱ्या शीलानंतर ती काय म्हणते, ते मला ऐकायचंय.

मला माफ कर असं लिहिणार होतो. पण ते वाक्य त्या डब्बीचं आहे, ते इथं नको.

ज्याची अब्रू राखायला मायनं एक शील सोडलं,
तो तुझा
दीपू