तुझ्याकडे निघालेला पाहुणा

एलिस्बानदादा,

आज तुझ्या दारात लिमाचा एक मास्तर येईल, फाब्रिसिओ नावाचा. त्याला आपला तो दृष्टान्त दाखवणारा वेलीचा काढा देऊ नकोस.

बायको गेल्यापासून तो मन सावरायला डॉक्टरच्या गोळ्या घेतो. काढा मागायला तो आधी आईकडेच आला होता. गोळ्यांचं कळल्यावर आई त्याला म्हणाली, "मग काढा नाही, बाळा. जिवावर बेतेल. राहा इथं, मासे खा, माझी गाणी ऐक."

तो भडकला. "खालच्या गावात तुमचा मुलगा काही न विचारता पाजतो म्हणे!"

आईनं पाठ फिरवली. तू घर सोडलंस तेव्हा फिरवली होती, तशी.

गोळ्या नदीत भिरकावून तो होडीत बसला. आता 'मी काहीच घेत नाही' असं तुला सांगेल आणि तू विश्वास ठेवशील. अंगातलं औषध असं लगेच उतरत नाही रे!

मघापासून घर ते धक्का नुसत्या येरझाऱ्या घालतेय. पत्र न्यायला कुणीच नाही. एवढ्यात आईनं वल्हं आणून माझ्यापुढं धरलं.

"कागद कसला खरडतेस? तूच जा. आणि त्याला म्हणावं, पाहुण्याला घेऊन जेवायला ये."

निघालेच.

ओलिंदा