डब्यातली बटणं

दि. ९ फेब्रुवारी, रविवार

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या भावोजींचा गुडघा कुरकुरतो आणि त्याहून जास्त भावोजी.

हसू नकोस, पण मी संगणकावर खेळ तयार करायला शिकते आहे. शेजारीण म्हणाली, या वयात हे काय थेर! म्हणू दे. वरून बटणं पडतात, खाली डबा; बाणाची कळ दाबून डबा सरकवायचा आणि बटणं झेलायची. तुझ्या शिलाई मशीनशेजारी असतो, तसाच निळा डबा काढला आहे.

आधी डबा जागचा हलेना. एका ओळीत मी त्याला ‘डबा’ म्हटलं होतं, दुसरीत लाडाने ‘डबी’. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या आहेत. त्या म्हणाल्या, संगणकाला लाड कळत नाहीत, एका वस्तूला एकच नाव द्या. जगाला नावं ठेवण्यात मी पटाईत, इथे मात्र नापास.

मग डबा हलला, तर गुण वाढेनात. भावोजींनी बटणांमागून बटणं झेलली, आकडा एकावरच. माझ्या बढतीसारखंच आहे हे, म्हणाले. मॅडमनी सगळं वाचून पाहिलं. बटण झेललं की दर वेळी चालणाऱ्या फंक्शनच्या, म्हणजे सूचनांच्या गठ्ठ्याच्या, आतच मी ‘गुण = ०’ लिहून ठेवलं होतं. म्हणजे दर बटणाला कोरी पाटी.

“ही ओळ बाहेर काढा, काकू,” त्या म्हणाल्या. “शून्य एकदाच, सुरुवातीला. मग मिळवलेलं राहतं.”

ओळ बाहेर काढता काढता माझे डोळे भरून आले. तुझ्या नवऱ्याने फोनवर सांगितलेलं आठवलं. अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात लुळा पडल्यापासून तू रोज सकाळी सुई ओवायला बसतेस, जमत नाही, आणि मग काहीच सुधारणा नाही म्हणून दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडतेस. व्यायाम घेणाऱ्या बाईंना दारातूनच परत पाठवतेस. आत्ता बोटं हलवली नाहीत तर ती कायमची आखडतील, असं त्या सांगून गेल्या आहेत. मलाही येऊ नको म्हणालीस. मला भीती वाटते गं.

पण मागच्या महिन्यात तुला पेला धरता येत नव्हता, आता येतो. तो का नाही मोजत?

खेळ तुझ्या नवऱ्याकडे पाठवला आहे. कळ उजव्या हातानेच दाबायची. लहानपणापासूनची तुझी लबाडी मला ठाऊक आहे. खेळ बंद केला तरी आकडा पुसला जात नाही, तेवढं मॅडमकडून मुद्दाम शिकून घेतलं. आज दोन झेललीस तर उद्या तिथूनच पुढे.

आणि उघडशील तेव्हा आकडा शून्य नसेल. डब्यात एक बटण मी आधीच टाकून ठेवलं आहे. ते पेल्याचं.

दुसऱ्या बटणाची वाट पाहणारी,
तुझी ताई